'मुका मार आहे, घरी जा'

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण घरात कुणी गाडीवर फिरत असेल तर वाचा. राजकारणावर नाही. म्हणजे आहेच तशी, पण कुठल्या पक्षाची नाही, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी निवांत वाचायला हरकत नाही.

माझं मेडिकलचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. २२ वर्षं त्या काउंटरच्या आत उभा आहे. चिठ्ठी हातात आली की काय झालं असेल याचा अंदाज येतो. दोन दुखण्याच्या गोळ्या, एक पित्ताची, लावायला मलम आणि कमरेचा पट्टा अशी चिठ्ठी आली की मी विचारतो, "गाडीवरनं पडला काय?" माणूस म्हणतो, "होय ओ, पण काही नाही, मुका मारच आहे म्हणाले."

मुका मार. शब्द आपला जुना आहे आणि चांगला आहे. बाहेर जखम नाही, रक्त नाही, पण आत दुखतंय. आजीनं हा शब्द वापरला तर माझी तक्रार नाही. पण डॉक्टरनं वापरला की त्याचा अर्थ बदलतो. तेव्हा त्याचा अर्थ होतो, "हाड मोडलेलं नाही, मी बघितलंय, निश्चिंत जा." आणि माझं भांडण एवढंच आहे की पुष्कळदा बघितलेलंच नसतं.

आता घरची गोष्ट सांगतो. काकूला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही की, मला काय लपवायचंय? पर त्या डॉक्टरचं नाव नको घालू, लेकरंबाळं असतील त्यालाबी." म्हणून नाव नाही. कमेंटमध्येही कुणी अंदाज बांधायचा नाही, मी डिलीट करीन.

माझी थोरली काकू, वय ६२. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिच्या हातची कडक भाकरी खाल्लेली आहे. गेल्या ऊस हंगामात संध्याकाळी सातच्या सुमारास चुलत भावाच्या स्कूटीवर मागं बसून येत होती. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. आपल्याकडं हे सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर अचानक डावीकडं आला, भावानं ब्रेक दाबला, स्कूटी घसरली आणि काकू डाव्या अंगावर पडली. डोकं वाचलं. ट्रॅक्टरवाला थांबला, चार लोक जमले, त्यानं खिशातले दोन हजार काढून दिले. "काकी, औषधपाणी करा, गरीब माणूस आहे मी." विषय संपला. पोलीस नाही, नोंद नाही. सुदैवानं भावानं मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात ट्रॅक्टरचा नंबर आला. ट्रॉलीला नंबर असण्याचा प्रश्नच नाही.

तिथनं दवाखान्यात. काकू म्हणाली, "कंबरंत लई कळ निघती." पाय टेकवता येत होता, लंगडत का होईना पण धरून चार पावलं चालली. कमरेचे म्हणजे मणक्याचे एक्स-रे झाले, दोन फिल्म. डॉक्टर म्हणाले, "झीज आहे वयाप्रमाणं. फ्रॅक्चर नाही. मुका मार आहे. आठ दिवस आराम करा, पट्टा बांधा." कागदावरही तेच लिहिलं.

पट्टा माझ्याच दुकानातला. गोळ्या माझ्याच. आठ दिवस झाले, दुखणं कमी नाही. जुन्याच चिठ्ठीवर मी पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मग आणखी पाच. देऊ नयेत हे मला कळत होतं, पण घरचं माणूस, आणि डॉक्टरांनी बघितलेलं. रोज जाऊन विचारायचो, "काकू, कसं आहे?" ती म्हणायची, "बसल्यावर बरं असतंय, उभं राहिलं की जांघंत टोचतंय." जांघेत. ती मला रोज सांगत होती आणि मी रोज कमरेची गोळी देत होतो.

१९ व्या दिवशी पहाटे न्हाणीघरात वळताना पाय दुमडला आणि ती खाली बसली. उठवायला गेलो तर डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं. हे चित्र एकदा बघितलं की विसरत नाही. जिल्ह्याच्या गावी नेलं. खुब्याच्या हाडाची मान मोडून सरकलेली. तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पहिल्या दिवशी खुब्याचा एक्स-रे काढला होता का?"

नव्हता काढला. मणक्याचा काढला होता. कारण काकू 'कंबर' म्हणाली होती.

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ या शब्दात आहे. आपल्या बोलण्यात 'कंबर' म्हणजे बरगड्यांच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत जे काही आहे ते सगळं. पाठीचा खालचा भाग कंबर, खुबा कंबर, बसायची जागाही कंबर. खुबा हा शब्द आपल्या आजोबांना माहीत होता, आमच्या पिढीत बैलाचा नाही तर म्हशीचा खुबा निखळला तरच निघायचा, आणि आजची पोरं 'हिप' म्हणतात पण त्यातून त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते त्यांनाही माहीत नसतं. त्यात बायकांचं आणखी वेगळं. जांघ हा शब्द अनोळखी पुरुष डॉक्टरसमोर, शेजारी पोरगा उभा असताना, ६२ वर्षांची बाई उच्चारणार नाही. ती 'कंबर'च म्हणणार. आणि डॉक्टर साडीवरूनच दोन बोटं लावणार. दोघंही मर्यादेनं वागतात आणि मधल्यामध्ये हाड तसंच मोडलेलं राहतं.

बरं, खुब्याच्या सांध्याचं दुखणं दुखतं कुठं? मुख्यतः जांघेत. कधी मांडीच्या पुढच्या बाजूला, आणि कधीकधी चक्क गुडघ्यात, कारण गुडघ्याकडं जाणाऱ्या काही नसांच्याच फांद्या खुब्याला येतात. म्हणजे अपघातानंतर 'गुडघा दुखतो' म्हणणाऱ्याचाही खुबा तपासला पाहिजे. बाहेरून, हात लावल्यावर उंचवटा लागतो तिथं दुखत असेल तर बऱ्याचदा स्नायूचा, वरवरचा मार असतो. ही माझी संशोधनं नाहीत, हाडाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात असतं. माणसानं 'कंबर' म्हटलं तर डॉक्टरनं एवढंच म्हणायचं, "एका बोटानं दाखवा." खर्च शून्य.

मग आडवं झोपवून पाय सरळ ठेवायचा आणि पाऊल हलकेच आत-बाहेर वळवायचं. असं नुसतं लाटण्यासारखं फिरवल्यावर जांघेत कळ आली तर खुब्यात काहीतरी आहे. पाय सरळ ठेवून टाचेवरनं वर उचलता येतो का बघायचं. आणखी एक जुनी युक्ती आहे, मला त्या जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दाखवली. ओटीपोटाच्या खाली मधोमध जे हाड लागतं तिथं स्टेथोस्कोप ठेवायचा आणि बोटानं एकेका गुडघ्याच्या वाटीवर टकटक करायचं. हाड अखंड असेल तर दोन्हीकडचा आवाज सारखा येतो. मोडलेल्या बाजूचा आवाज बसका, दबका येतो. स्टेथोस्कोप काय, गल्लीतल्या डॉक्टरच्याही गळ्यात असतो. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. पट्टा बांधायला शिकवायला त्यापेक्षा जास्त लागली होती.

कुणीतरी लगेच म्हणेल, "पण त्या चालल्या होत्या ना?" होय, चालली होती. हाडाची मान मोडूनही टोकं एकमेकांत रुतून बसली असतील, सरकली नसतील, तर माणूस लंगडत चालू शकतो. पाय आखूड होत नाही, पाऊल वळत नाही, बाहेरून काही दिसत नाही. आणि हीच वेळ असते पकडायची. तेव्हा सापडलं असतं तर बहुधा तीन स्क्रूंवर भागलं असतं, स्वतःचा सांधा राहिला असता. सरकलं की खेळ बदलतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरूनच वर जातात. मान सरकली की त्या तुटतात, गोळा मरायला लागतो. काकूचा अर्धा सांधा बदलावा लागला. १ लाख ४० हजार रुपये गेले, त्यातले ६० हजार बचत गटाचे.

आणि समजा खुब्याचा एक्स-रे पहिल्या दिवशी काढला असता आणि तोही 'नॉर्मल' आला असता तर? हेही होतं. खुब्याचं न सरकलेलं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत दिसत नाही असं शंभरात दोनपासून दहा जणांत होतं, असं निरनिराळे अभ्यास सांगतात. ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था आहे, उपचार कसे करावेत याचे नियम ठरवते. तिनं २०११ मध्येच लिहून ठेवलंय की एक्स-रे नॉर्मल असूनही खुब्याच्या फ्रॅक्चरची शंका असेल तर एमआरआय करा, तो २४ तासांत मिळणार नसेल तर सीटी स्कॅनचा विचार करा. म्हणजे एक्स-रे नॉर्मल आला की शंका मिटत नाही, हे त्यांनी नियमात घातलं. आपल्याकडं एक्स-रे नॉर्मल आला की पेशंटलाच नाटकी ठरवतात. "आजी, काही नाही झालेलं, मन घट्ट करा." मन घट्ट करून हाड जुळतं काय?

एमआरआय तालुक्याला नाही, मान्य. पण दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत पुष्कळदा ती रेघ दिसायला लागते. तेही कुणी सांगत नाही. आठ दिवसांनी 'बरं वाटलं नाही तर या' आणि आठ दिवसांनी 'वजन टाकल्यावर जांघेत दुखत असेल तर नक्की याच, पुन्हा फोटो काढायचाय' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात आपली म्हातारी माणसं घरीच बसतात. डॉक्टरला त्रास नको म्हणून.

हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे असं समजू नका. परवा दुकानात एक पिकअप चालवणारा पोरगा आला, कुबड्या घेऊन. समोरून धडक बसली, गुडघा डॅशबोर्डवर आदळला. गुडघ्याला टाके घातले, गुडघ्याचा एक्स-रे काढला, सगळं व्यवस्थित. खुबा मागच्या बाजूला निखळलेला होता ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तेही गाव बदलल्यावर. पाय आखूड, गुडघा आत वळलेला, सरळ होत नाही, हे त्या निखळण्याचं ठरलेलं चित्र आहे. याला डॅशबोर्ड इंज्युरी असंच नाव आहे, इतकी ती नेहमीची आहे. निखळलेला खुबा लवकरात लवकर, शक्यतो सहा तासांच्या आत बसवायचा असतो, नाही तर गोळ्याचं रक्त तुटायचा धोका वाढत जातो. आता त्या पोराला वर्ष-दोन वर्षं वाट बघत बसायचं आहे की सांधा टिकतो की जातो. वय २६. (पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर पाय ठेवणारी जी मंडळी आहेत, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

मांडीचं हाड मधोमध मोडलेलं असतं तेव्हाही असंच होतं. सगळ्यांचं लक्ष त्या मोठ्या मोडीकडं, आणि वर मानेत बारीक तडा असतो तो सुटतो. म्हणून तर शिकवतात की मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे फोटोत आले पाहिजेत.

आणि कमरेचं कडं, ज्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात. ते बांगडीसारखं आहे. बांगडी एकाच जागी फुटते का? पुढं मोड दिसली की मागं शोधायला लागतं, मागच्या भागावर आतड्यातल्या हवेची सावली पडते, समोरून काढलेल्या एका फोटोत तिथली मोड सहज लपते. जोरात अपघात झाला असेल तर या कड्याच्या आत दोन-दोन लिटर रक्त साठू शकतं, बाहेर थेंब न दिसता. माणूस पांढरा पडतो, घाम फुटतो, आणि भोवतीचे म्हणतात घाबरलाय, पाणी पाजा. अशा माणसाचं कुल्ल्याचं हाड दोन्ही हातांनी दाबून, हलवून 'बघायचं' नाही, त्यानं रक्त वाढतं. चादर घ्यायची, घडी घालायची आणि गच्च बांधायची. पण कमरेला नाही. दोन्ही खुब्यांचे बाहेरचे उंचवटे लागतात तिथून. आपण हमखास वर, पोटावर बांधतो, तिथं उपयोग नाही. लघवीच्या जागी रक्त दिसलं तर जबरदस्तीनं नळी घालू देऊ नका, आधी मोठ्या दवाखान्यात न्या.

आता कागदाकडं येतो. कारण काकूचं हाड बसलं, कागद बसत नाहीये.

केंद्र सरकारची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचाराची योजना आहे, मे २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. दीड लाखांपर्यंत उपचार, ठरलेल्या दवाखान्यांत. चांगली योजना आहे, मी कौतुकच करतो. पण मुदत किती? अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. आमचं निदान १९ व्या दिवशी. शिवाय पोलिसांकडं नोंद लागते, आणि 'मुक्या मारा'साठी कोण नोंद करतो? म्हणजे ज्यांचं दुखणं पहिल्याच दिवशी नीट ओळखलं गेलं त्यांच्यासाठी योजना आहे. ज्यांना चुकीचं सांगून घरी पाठवलं, ते योजनेतूनही गेले. चूक दवाखान्याची आणि दंड काकूला.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजार ३६६ माणसं जखमी झाली, हा परिवहन मंत्रालयाचा अधिकृत आकडा. पोलिसांकडं नोंद झालेल्यांचा. काकूसारखी, ट्रॅक्टरवाल्याकडून दोन हजार घेऊन घरी आलेली माणसं त्यात कुठं आहेत? मला आमच्याच गल्लीतली तीन सांगता येतील.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही पोलिसांत गेलो, मग वकिलांकडं, मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाकला. ट्रॅक्टरचा विमा होता म्हणून बरं. विमा कंपनीचं म्हणणं ऐका: अपघाताच्या दिवशीचा कागद सांगतो की फ्रॅक्चर नव्हतं. फ्रॅक्चर १९ दिवसांनी न्हाणीघरात पडल्यामुळं झालं. न्हाणीघराचा विमा आमच्याकडं नाही.

हे वाचून राग येतो ना? मलाही आला. पण त्या वकिलाच्या जागी बसून बघा, त्याच्या हातात डॉक्टरची सही असलेला कागद आहे. 'मुका मार. फ्रॅक्चर नाही.' ज्या हाडाचा फोटोच काढला नाही त्याबद्दल लिहिलेलं वाक्य. त्या जागी 'चालताना दुखतं, खुबा तपासला नाही, पुन्हा पाहणे' एवढं प्रामाणिक लिहिलं असतं तरी आज दावा वेगळा दिसला असता.

पोलीस तक्रार उशिरा दिली म्हणून दावा खोटा ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलंय, ते आमच्या वकिलांनी काढून दिलं. २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकालही त्यांनी दिला. त्यात म्हटलंय की दाखल्यावर अपंगत्व किती टक्के लिहिलंय एवढंच बघायचं नाही, त्या माणसाच्या कमाईवर प्रत्यक्ष काय परिणाम झाला ते बघायचं. काकूला सांगितलंय, मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, सखल जागी बसायचं नाही. आता तुम्हीच सांगा, चुलीपुढं बसल्याशिवाय कडक भाकरी कशी करायची? उभ्या ओट्यावर गॅसवर करून बघितली तिनं. म्हणाली, "ही भाकर न्हाई, पापड झालाय." दाखल्यावर टक्केवारी येईल. चूल दाखल्यावर येणार नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, पण तुम्ही त्या भरवशावर बसू नका. दुखणं आहे तर कागद करून ठेवा.

डॉक्टर मित्र माझ्या यादीत पुष्कळ आहेत, ते काय म्हणणार हे मला माहीत आहे. ओपीडीत शंभर माणसं. एक्स-रेचा टेक्निशियन दुपारनंतर नसतो. रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याला, फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा आणि त्यानं लग्नाच्या पंगतीत बसून अंगठा दाखवायचा. मोठ्या दवाखान्यात पाठवतो म्हटलं की नातेवाईक म्हणतात कमिशन खातो. नाही पाठवलं आणि काही झालं की काचा फोडतात. हे सगळं खरं आहे. नुकतं पास झालेलं बाँडवरचं पोरगं रात्री एकटं बसलेलं असतं, त्याच्यावर मी राग काढणार नाही.

पण मला सांगा, 'एका बोटानं दाखवा' म्हणायला टेक्निशियन लागतो का? मणक्याबरोबर कमरेच्या कड्याची एक फिल्म जास्त काढायला कुठली परवानगी लागते? 'मला फ्रॅक्चर दिसलं नाही' आणि 'फ्रॅक्चर नाही' यातला फरक लिहायला किती शाई लागते? गर्दीमुळं दोन-चार गोष्टी राहून जातात हे समजू शकतो. पण जी बघितली नाही ती 'नाही' म्हणून लिहायची, हे गर्दीमुळं होत नाही. ही सवय आहे आणि सवय मोडता येते.

आता आपल्यावर. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही सुटलात? अपघात झाला की आपण पहिलं काय करतो? पडलेल्या माणसाला बगलेत धरून उभं करतो, "चालून बघ, चालून बघ." मग मिटवामिटवी. मग दवाखान्यातून आल्यावर हाडवैद्याकडं नाही तर चोळून घ्यायला. न सरकलेल्या मोडीवर ताकदवान हातानं चोळलं तर ती सरकेल नाही तर काय होईल? काकूलाही एका शेजारणीनं दोनदा तेल लावून पाय ओढून दिला होता. प्रेमानंच. आणि दुकानदार? मी. चिठ्ठी न बघता गोळ्या देणारा. दुखणं दाबून ठेवलं की माणूस मोडक्या हाडावर वजन टाकत राहतो. त्या १९ दिवसांतले निदान १० माझ्या हिशेबात धरा, मी धरलेत.

त्या दिवसापासून दुकानात एक नियम केलाय. अपघातानंतरची दुखण्याची गोळी दुसऱ्यांदा मागायला आला की मी विचारतो, "वजन टाकल्यावर जांघेत दुखतं का?" हो म्हणाला तर गोळी नाही, आधी खुब्याचा फोटो. चार गिऱ्हाईकं तुटली, पलीकडच्या दुकानात गेली. एक मात्र जाऊन फोटो काढून आला, तडा निघाला, स्क्रू बसले, स्वतःच्या पायानं पेढे घेऊन आला. पेढे काकूकडं पाठवले.

आपल्या ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात आपलेच लोकप्रतिनिधी आणि आपल्यातलेच लोक बसतात. तिला निवेदन देतोय. मागण्या फार नाहीत. गाडीच्या अपघातातल्या माणसाला कमरेखाली कुठंही दुखत असेल आणि चालताना त्रास असेल तर कमरेच्या कड्याचा आणि दुखऱ्या खुब्याचा फोटो काढल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. फोटो नॉर्मल पण दुखणं तसंच असेल तर जिल्ह्याला सीटी किंवा एमआरआयसाठी लेखी चिठ्ठी द्यायची. बाई पेशंटसाठी तपासताना पडदा आणि सोबत सिस्टर. अपघाताची नोंद पोलिसांकडं दवाखान्यानंच कळवायची, 'किरकोळ आहे' म्हणून सोडायची नाही. आणि एक्स-रे मशीन संध्याकाळी सातला चालू पाहिजे, कारण ट्रॉल्या संध्याकाळी सातलाच चालू असतात. साखर कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गेटच्या आत घेऊ नये ही मागणी वेगळी आहे, त्यावर पुढच्या हंगामाआधी लिहिणार आहे, तेव्हा चेअरमन लोकांनी आत्ताच ब्लॉक करायला हरकत नाही.

निवेदनावर सह्या सोमवारी सकाळी दहापासून दुकानात घेतोय. तुमच्या घरी असं 'मुका मार' म्हणून पाठवलेलं कुणी असेल आणि नंतर वेगळं निघालं असेल तर पहिल्या दिवशीच्या कागदाची आणि नंतरच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन या. झेरॉक्सच आणा, मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलासुद्धा. आणि काकूला भेटायला जाणाऱ्यांनी कृपा करून तिला खाली चटईवर बसवून गप्पा मारू नका. खुर्ची तिच्या दारातच ठेवलेली आहे.